अठराव्या मिनिटाला

मी एक जुना संगणक आहे, खेळाचा. जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो! मी दुकानातून आयता आलेलो नाही. या घरातल्या धाकटीने आणि तिच्या बाबांनी जेवणाच्या टेबलावर एकेक भाग जोडून मला उभा केला. पहिल्यांदा माझा दिवा लागला तेव्हा दोघांनी असा आरडाओरडा केला, की शेजारच्या काकू धावत आल्या.

पाच वर्षं मी इमानेइतबारे राबलो. धाकटी चौघींच्या संघातून ऑनलाइन स्पर्धा खेळायची आणि कौतुक माझंही व्हायचं. मग परीक्षा आल्या आणि खेळ थांबला. त्याच दिवसांत माझा पंखा घरघरू लागला, म्हणून बाबांनी माझ्या प्रोसेसरवर, म्हणजे मेंदूवर, नवाकोरा मोठा कूलर बसवला. मी भलताच फुशारलो.

परीक्षा संपल्या आणि माझी फजिती सुरू झाली. खेळ ऐन रंगात यायचा आणि अठराव्या मिनिटाला मी गपकन बंद! सरावात तीनदा असं झालं. शेवटी संघाच्या कप्तान मुलीने फोनवर सांगून टाकलं, "रविवारी उपांत्य सामना आहे. तोवर तुझा संगणक नीट झाला नाही तर आम्ही दुसऱ्या कुणाला तरी घेऊ." धाकटी "बरं" म्हणाली आणि दार लावून रडली. मला फार लाज वाटली.

मग प्रत्येकाने माझ्यावर हात साफ करून घेतला. मामा म्हणाला व्हायरस असेल. माझ्या आत होतं नव्हतं ते पुसून झालं. आई म्हणाली प्लग सैल असेल. मला घरभर फिरवलं. दुरुस्तीवाल्या काकांनी वीज पुरवणारा डबा बदलून पाहिला. तरी माझं ते अठरावं मिनिट काही चुकेना. "भंगारात काढा आता," मामाने निकाल दिला. अहो, मी हट्टाने का बंद पडत होतो? डोकं फार तापलं की जळून जाण्याआधी बंद व्हायचं, एवढंच मला ठाऊक.

शनिवारी सकाळी धाकटी वही घेऊन बसली. अभ्यासाला तीन तास चालतो. खेळाला अठरा मिनिटं. बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला तर बावीस. मग खेळ चालू असताना तिने माझ्या मेंदूचं तापमान पडद्यावर पाहिलं, तर अठ्ठ्याण्णव अंश! आणि कूलरच्या पत्र्यांना बोट लावलं, तर ते गारच.

"बाबा, हा आत भाजतोय आणि कूलरला पत्ताच नाही! मध्ये काहीतरी आलंय."

बाबांनी मला बंद करून चार स्क्रू काढले आणि कूलर उचलला. त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता. मित्रांनो, या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कधी निघतच नाही. रिमोट, फ्रिजचं हँडल, आईचा चष्म्याचा डबा, सगळं वर्षानुवर्षं वेष्टनातच नांदतं.

"अगं, ओरखडे पडायला नकोत म्हणून मीच ते राहू दिलं," बाबा ओशाळून म्हणाले.

धाकटी पोट धरून हसली. तिने तो पापुद्रा सोलून काढला, मेंदूची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी नवी पेस्ट लावली आणि स्क्रू आवळले. काय सांगू, डोक्यावरून एकदम ओझं उतरलं!

रविवारी सामना सुरू झाला तेव्हा सगळं घर खुर्चीमागे उभं होतं. सतरा मिनिटं झाली. आईने डोळे मिटून घेतले. अठरावं गेलं, एकोणिसावं गेलं, मामा घड्याळ बघायचंच विसरला. बेचाळिसाव्या मिनिटाला धाकटीने शेवटचा किल्ला घेतला आणि आम्ही जिंकलो! तापमान म्हणाल तर अवघं सदुसष्ट. मी मुद्दाम पंखा जरा जोरात फिरवला.

तर मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्याकडचं एखादं यंत्र मध्येच थांबलं तर त्याला थपडा मारू नका. ते कधी चालतं, कधी थांबतं, ते शांतपणे बघा. आम्हाला सांगता येत नाही, पण दुखतं कुठे ते आम्ही दाखवत असतो.

त्या दिवशी कप्तान मुलगी हेडफोनमधून ओरडली, "अंतिम सामन्यात तुझी जागा तुझीच!" धाकटीने माझ्या पाठीवर हात ठेवला.