माहेरचं उत्तर

हंड्यावरचं झाकण किणकिणलं आणि खोलीतली शांतता मोडली. डोक्यावरचा पत्रा हलकेच थरथरून थांबला. दाराबाहेरच्या मोठ्या काळ्या स्पीकरमधून आवाज आला होता, ठप्प.

"झालं?" साखराबाईंनी विचारलं.

"झालं, काकू. कसा वाटला?" उज्ज्वलाने मांडीवरचा टॅब सरसावला.

"दार आपटल्यावानी. आमच्यात रोजच आपटतंय कुनी ना कुनी."

खोलीत जमलेल्या बाया हसल्या.

"त्रास झाला का? खरं सांगा."

"न्हाई गं बाई. कसला तरास?"

उज्ज्वलाने 'अजिबात नाही'वर बोट टेकलं.

पुण्यात ती कामाला होती तिथे आवाजाच्याही पुढे धावणारं विमान घडत होतं. असं विमान डोक्यावरून गेलं की खाली तोफ उडाल्यासारखा धडाका होतो, म्हणून वस्तीवरून त्याला तेवढ्या वेगाने जाऊ देत नाहीत. त्या धडाक्याचा नुसता ठप्प करायचा आणि तो लोकांना सोसवतो हे दाखवायचं, एवढ्यावर सगळं अडलं होतं. पत्र्याच्या घरांत कसा ऐकू येईल, असा प्रश्न निघाला तेव्हा तीच म्हणाली होती, "माझ्या माहेरी चला. लिंबागणेश गावाजवळ आहे, सगळी पत्र्याचीच घरं. मला कोणी नाही म्हणायचं नाही."

कोणी म्हणालंही नाही. सकाळपासून घरोघरी चहा आणि घरोघरी तेच उत्तर. पुण्यातल्या लोकांनी केवढी कुरकुर केली होती! साहेब खूश होणार, या विचाराने तिला मनातून ऐट आली होती.

साखराबाई उठून मागच्या दाराने गेल्या. सोबत आणलेली लेक सुकन्याही बराच वेळ दिसली नव्हती, म्हणून थोड्या वेळाने उज्ज्वला तिकडे निघाली आणि दारातच थबकली.

शेळ्यांच्या छपराशी साखराबाईंची सून दिपाली तान्ह्याला छातीशी घेऊन बसली होती. रडून रडून ते लालबुंद झालं होतं. सुकन्या त्याच्या पावलाला हात लावून उभी.

"दर बारीला दचकतंय, आत्याबाई. सांगा की ताईला."

"गप. लेक कामाला आलीया. तिच्या तोंडावर तरास होतो म्हनावं का?"

"अन् गाभण शेळी दावं तोडून पळाली ती?"

"आनंल तुजा दीर म्हाळू धरून. हळू बोल."

उज्ज्वलाने पाऊल पुढे टाकलं. चाहूल लागताच साखराबाई वळल्या आणि तोंडभर हसल्या. "आलीस व्हय? काय न्हाई, भुकेजलंय पोरगं."

"काकू, मी तुमचं उत्तर खोडते."

"कावून? तुजं नाव लागलंय त्या कामाला. आमाला काय, हुईल सवय." त्यांनी पदरातल्या शेंगा सोडून तिच्या ओंजळीत ओतल्या. "रिकाम्या हातानं जाऊ नगं."

टॅब काखेत, दोन्ही हात शेंगांनी भरलेले. उज्ज्वलाला उत्तर खोडायला बोटही मोकळं नव्हतं. दिपाली खाली बघत बाळाला थोपटत होती.

सुकन्याने काखेतला टॅब ओढून घेतला. नुकतंच वाचायला येऊ लागलं होतं तिला. ती बोट सरकवत गेली, खालपर्यंत.

"आई, यात साखराआजी आहे. सगळ्या आज्या आहेत. बाळ काय म्हणालं, ते कुठे लिहिलंस?"