पाहुण्यांना खोकला आला होता

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. दिव्याचा नाही, पंख्याचाही नाही. मी खोकल्याचा खटका आहे. हसू नका. माझ्या काळात मला फार मान होता.

पूर्वी रेडिओवर चालू घडामोडींची चर्चा थेट व्हायची. बोलताना एखाद्याचा घसा खवखवला, तर तो खोकला घराघरात जाऊ नये म्हणून टेबलावर मला बसवलं होतं. मला दाबलं की मायक्रोफोन बहिरा व्हायचा. बोट उचललं की त्याचे कान पुन्हा उघडायचे. रेडिओ केंद्राच्या मिस्त्रींनी मला स्वतःच्या हातांनी केलं. लाकडाचा तुकडा, वर पितळेची पट्टी, आणि आत एका बिघडलेल्या दारघंटीची स्प्रिंग. म्हणजे दारात कोण आलंय हे आधी ओळखायची सवय माझ्या अंगातच होती म्हणा ना.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही झाला असतात. मला दाबल्यावर टेबलाशी जे बोललं जायचं, ते बाहेर कोणालाच ऐकू जायचं नाही, पण मला जायचं. आणि फार लवकर माझ्या लक्षात आलं की, मला दाबणाऱ्यांत खोकणारे थोडेच. एका पाहुण्यांनी मला दाबून मागे बसलेल्या मदतनिसाला विचारलं, "अरे, आपण काय सांगायचं ठरवलं होतं?" दुसरे म्हणाले, "पाणी आणा." आणि मग हळूच, "गाडीही दारात आणून ठेवा." मग मी भोळा कसा राहणार?

कार्यक्रम चालवायच्या त्या बाई. त्यांना नाव असणारच, पण सगळं केंद्र त्यांना बाई म्हणायचं, म्हणून मीही म्हणतो. आवाज असा शांत, की भांडणाऱ्या माणसाला स्वतःचीच लाज वाटावी. एका संध्याकाळी धान्याच्या गोदामांचे मोठे अधिकारी आले होते. बाईंनी विचारलं, "यंदा किती धान्य कुजलं?" साहेबांनी मला दाबलं ते दाबूनच ठेवलं. शेवटी बोट उचललं, पण ते तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "श्रोतेहो, पाहुण्यांना खोकला आला होता. तर साहेब, धान्य किती कुजलं?"

झालं. सगळं गाव हसलं. त्या दिवसापासून कोणीही मला दाबून गप्प बसलं की, बाई तेच वाक्य तितक्याच सरळ आवाजात म्हणायच्या. लोक शहाणे असतात. खाई त्याला खवखवे, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पुढे तर दुकानदाराने वजनाचं विचारल्यावर इकडचं तिकडचं काढलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "पाहुण्यांना खोकला आला वाटतं." नवरा उशिरा घरी आला की बायकोही तेच म्हणायची. ते माझे सुखाचे दिवस होते. मिस्त्री मला तेल द्यायचे, बाई रोज रुमालाने पुसायच्या.

आणि मग टेलिव्हिजन आला.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मोठं दालन उभं राहिलं. डोळे दिपवणारे दिवे आले, चाकांवर फिरणारे कॅमेरे आले, आणि एक पावडरचा डबा आला. डबा बघितला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. रेडिओवर माणूस नुसत्या आवाजाने खोटं बोलायचा. इथे तर त्याला वर रंगरंगोटीही मिळणार होती!

बाईंचा कार्यक्रमही वर गेला. तिथले नवे निर्माते सारखे मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणायचे. मला बघून ते म्हणाले, "हे लाकूड कशाला? पाहुणा अडखळला तर वरून आम्ही नदीचं चित्र टाकू. बघणाऱ्याला बरं वाटेल."

"माझ्या पाहुण्यांना खोकला फार येतो," बाई म्हणाल्या. "असू द्या त्याला."

मला नव्या गुळगुळीत टेबलावर बसवलं. पण झालं काय, पाहुण्याने मला दाबलं की समोरच्या छोट्या पडद्यावर नदी वाहू लागायची. तिच्यात बदकं. मागे बासरी. बदकं पोहून जाईपर्यंत पाहुणा सावरलेला असायचा, आणि बाईंचं ते वाक्य बासरीखाली कुठेतरी बुडालेलं असायचं. घरी बसलेल्यांना वाटायचं, काय सुंदर बदकं आहेत.

बाई मात्र पावडर लावून घेत होत्या, घाईसाहेबांशी हसून बोलत होत्या. बाईंचंही पाणी कुठेतरी मुरतंय, असं मला वाटायला लागलं. दुसरीकडे 'हसरे' रोज दालनात डोकावून जायचे. हे हसरे म्हणजे हवामान सांगणारे तरुण निवेदक. वादळाची बातमीसुद्धा हसतच द्यायचे. त्यांचा डोळा बाईंच्या खुर्चीवर होता, हे खुर्चीलाही कळत होतं.

अशात एका दुपारी बाईंची धाकटी बहीण विसरलेला डबा द्यायला आली. ती नदीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. टेबलाशी टेकून ती म्हणाली, "ताई, हल्ली बस पुलावर आली की आतले सगळे बोलायचे थांबतात."

"का गं?"

"पूल हलतो. कठड्याखाली भेग पडलीय, हात आत जाईल एवढी. कोणाला सांगायचं?"

"मला सांगितलंस ना," बाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी बांधकाम खात्याच्या प्रमुखांना बोलावलं.

कार्यक्रमाला थोडा वेळ उरला असताना घाईसाहेब दालनावरच्या त्यांच्या काचेच्या खोलीतून खाली आले आणि त्यांनी स्वतःच मला दाबलं. त्यांना काही खोकला झाला नव्हता. मी ओळखलं, इथे काहीतरी काळंबेरं आहे.

"बाई, आज पुलाचं काढायचं नाही."

"कोण म्हणतं?"

"वरून सांगणं आलंय. काढलंत तर पुढच्या आठवड्यापासून या खुर्चीवर हसरे बसतील. मी काही करू शकणार नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, मला त्यांची नजर आवडली नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "पुलाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मित्रांनो, मी तेव्हा फार रागावलो. जिने मला नाव मिळवून दिलं, तिनेच एका खुर्चीपायी बहिणीचा जीव टांगणीला लावला! ज्याच्या त्याच्यावर संशय घेऊन थकलो होतो. एवढ्या एकीवर मनापासून कधी घेतला नव्हता. आता तीही गेली.

दिवे लागले. प्रमुख साहेब ऐसपैस बसले. बाईंनी विचारलं, बाजारापासून निघणारा रस्ता कधी पूर्ण होणार? साहेबांनी छान उत्तर दिलं. मग शाळेसमोरचं वळण. तेही झालं. मग नदीच्या अलीकडचा घाट, तिथले दिवे, तिथली गटारं. घरोघरी बसलेला माणूस बाईंचं बोट धरून चालत चालत नदीपर्यंत आला.

तिथे बाई थांबल्या. हात पुढे करून त्यांनी मला दाबलं.

एवढ्या वर्षांत बाईंनी मला कधी दाबलं नव्हतं. त्यांचं बोट गार पडलं होतं. त्या खोकल्या नाहीत. सरळ कॅमेऱ्यात बघत राहिल्या. पाहुण्यांसाठी नदीचं चित्र तयार असायचं. बाईंसाठी कोणी काही तयार ठेवलं नव्हतं. वर घाईसाहेबांची धावपळ उडाली आणि बाईंचा चेहरा झाकायला त्यांनी घाईघाईने पाहुण्यांचा चेहरा पडद्यावर घेतला. तीच त्यांची चूक. साहेबांच्या कपाळावरची पावडर घामाने ओघळत होती, आणि ते दाराकडे बघत होते. मायक्रोफोनला खटका असतो, मित्रांनो, चेहऱ्याला नसतो.

बाईंनी बोट उचललं. "प्रेक्षकहो, मला खोकला आला होता," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "तर साहेब, नदीच्या पलीकडचा रस्ता कधी होणार?"

दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. अलीकडचा घाट आणि पलीकडचा रस्ता यांच्या मध्ये काय आहे, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधली माणसं पुलाच्या अलीकडेच उतरली. चालकही उतरला. सगळे कठड्यावरून वाकून खाली बघू लागले, आणि माणसं बघताहेत म्हटल्यावर आणखी माणसं आली. पूल बंद करावा लागला. खालचा एक खांब निम्मा सुटलेला निघाला. बाईंची बहीण पुढचे कितीतरी महिने नावेने कामावर गेली, आणि रोज परत आली.

बाईंची खुर्ची हसऱ्यांना मिळाली. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे लाकूड कशाला?" बाईंनी मिस्त्रींकडून पेचकस मागून घेतला आणि माझे स्क्रू स्वतः काढले. मला त्या क्षणी बोलता आलं असतं तर मी त्यांची माफी मागितली असती. त्यांनी मला रुमालात गुंडाळून घरी नेलं.

आता मी त्यांच्या घरी टेलिव्हिजनशेजारच्या फळीवर असतो. संध्याकाळी दोघी बहिणी चर्चा बघतात. पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि प्रत्येकीत एक ओरडणारा माणूस. कधी एखाद्याचे ओठ हलत राहतात आणि आवाज येत नाही. मग बाई चष्मा वर करून म्हणतात, "बघ, याचा खटका कोणीतरी दाबला." बहिणीची नातवंडं खेळताना मला टकटक दाबतात. माझी स्प्रिंग अजून शाबूत आहे.

मित्रांनो, मला तेल देऊ नका, पुसूही नका, माझं मागणं वेगळंच आहे. एखादा प्रश्न ऐन रंगात आला आणि मध्येच बदकं दिसली, तर बदकांना भुलू नका. आणि हल्ली चर्चेच्या टेबलावर माझ्यासारखा खटका दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजू नका. तो आहे. निदान माझ्या वेळी त्याच्यावर कोणाचं बोट आहे ते समोर दिसायचं. आता ते दिसत नाही, तेव्हा तेवढं तुम्ही विचारत जा.