विहिरीतली राख

दोन हजार सोळाच्या दुष्काळात उदगीरबाहेरच्या बौद्ध वस्तीची विहीर आटली आणि महिनाभरात गुरुलिंगप्पांच्या कारखान्याची राख तिच्यात पडायला लागली. वस्तीतले लोक विचारायला गेले, तर आप्पा म्हणाले, "पाणी न्हाई त्या खड्ड्याला विहीर कशाला म्हणता?"

कारखान्यात ॲल्युमिनियमचं भंगार वितळवायचे. वितळलेल्या धातूवर काळी साय धरायची, ती काढून टाकायची. तिलाच सगळे राख म्हणत. कोरडी असली की गुमान पडून राहायची, पण पाणी लागलं की तापायची, फसफसायची, आणि डोळ्यांत मिरची गेल्यागत आग व्हायची. टँकरमधून सांडलेलं पाणी त्या विहिरीत गेलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

पंचशीला याच वस्तीतली. नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि दुष्काळाआधीपासून चार वर्षं याच राखेच्या मागे लागली होती. राख दळायची, चाळून धातूचे कण काढायचे, वास पुरता जाईपर्यंत धुवायची, वाळवून भाजायची आणि चिकणमातीत मळून विटा पाडायच्या. तिची वीट चौदाशे अंशांची आच सोसायची. आप्पांच्या भट्टीचा गवंडी शिवमूर्ती यानं त्या विटांचं अस्तर लावलं. गुजरातची वीट चार महिन्यांत तडकायची, ही आठ महिने टिकली. आप्पांनी तिला खुर्ची दिली, मॅडम म्हणाले, अहवालाची प्रत मागितली. तिनं हरखून दिली.

त्याच दुष्काळात, एप्रिलमध्ये वस्तीच्या तक्रारीवर तहसीलला सुनावणी झाली. पंचशीला मुद्दाम नांदेडहून आली. तिची माय भामाबाई टँकरच्या रांगेतून थेट आली होती, भरलेली कळशी कडेवर घेऊन. बाहेर ठेवली असती तर परत दिसली नसती. वस्तीतल्या पोरींनी पुरावा म्हणून घमेलंभर राख आणली होती.

अधिकाऱ्यांनी शेजारी बसलेल्या आप्पांचा लेखी खुलासा चाळला. "ही राख नाही. सिरॅमिकचा कच्चा माल आहे. तिथं फक्त साठा केलाय. तुमच्याच मॅडमचा अहवाल जोडलाय की."

पंचशीलानं कागद ओढून घेतला. तिचाच अहवाल होता, पण राखेची वीट होते एवढंच सांगणारं शेवटचं एकच पान. धुऊन प्रक्रिया केल्याशिवाय ही राख उघड्यावर ठेवू नये, असं लिहिलेली पहिली पानं गायब होती. खाली तिची सही होती. तिचे कान तापले. आप्पांचा राग आला, त्याहून जास्त त्या दिवशी खुर्चीवर बसून चहा पिणाऱ्या स्वतःचा आला.

"साहेब, बाकीची पानं कुठंयत?"

"मॅडम, आवाज खाली. उदगीर नवा जिल्हा होणार आहे. प्रदूषणाचं ऑफिस इथंच येईल, तेव्हा रीतसर तपासणी करू."

"तोवर वस्तीनं श्वास घ्यायचा न्हाई?"

आप्पा हसले. "पोरी, तुझ्याच शोधाचं सोनं करायलोय मी. उलट तू नावं ठेवतीस?"

पंचशीलानं घमेलं उचललं आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. "माय, कळशी दे."

"अगं, तीन तास उभी होते."

"दे."

भामाबाईनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि कळशी दिली. "सगळं वत," ती म्हणाली.

पाणी पडताच राख सळसळली, वाफ उठली. कोंडलेल्या गोठ्यातल्या मुताच्या दहापट उग्र वास दालनात भरला. कारकून दाराकडं पळाले. अधिकारी तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात आले, त्यांच्या मागं आप्पा, डोळे चोळत. पंचशीलानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि शेवटी खोकत स्वतः आली.

"घ्या साहेब कच्चा माल," ती म्हणाली. "आमच्या घरात हाच वास येतो. अन् आम्हाला व्हरांडा न्हाई."

गर्दीतून शिवमूर्ती पुढं झाला. "साहेब, विटा म्या बसवल्या. त्या धुतलेल्या राखेच्या व्हत्या. कारखान्यात धुवायला हौद बांधा म्हणलो, तर पाणी महाग पडतं म्हणले आप्पा."

"शिवमूर्ती, उद्यापासून येऊ नको," आप्पा म्हणाले.

"न्हाई येत."

अधिकाऱ्यांनी तिथंच, व्हरांड्यात उभ्यानं, राख उचलायचा आदेश लिहिला. धुतल्याशिवाय कारखान्याबाहेर चिमूटभर जाणार नाही, असंही त्यात घातलं. पाच आठवडे ट्रॅक्टर चालले. आप्पांना आपल्याच जागेत हौद बांधावा लागला; त्यातलं पाणी गाळून पुन्हा वापरायची रीत पंचशीलानं लिहून दिली, पण सगळी पानं त्याच अधिकाऱ्यांच्या शिक्क्यानिशी. धुतलेली राख शिवमूर्ती आपल्या शेडात घेतो आणि विटा पाडतो. आता आप्पांनाही त्याच्याकडूनच घ्याव्या लागतात.

पुढच्या वर्षी विहिरीला पाणी आलं. पंचशीलानं ते तपासलं. राखेचं मीठ उतरून खारट झालं होतं, गुरांनाही पाजण्यासारखं नव्हतं. आप्पांनी निरोप पाठवला, कारखान्याच्या नव्या शेडाच्या उद्घाटनाला या, तुमचा सत्कार करू.

तिनं निरोप आणणाऱ्याच्या हातात त्या पाण्याची बाटली दिली. "आप्पांना सांग, आधी हे पिऊन दाखवा."