सत्यभामाबाईंचा परत आलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शहागंजातल्या दुकानातून सत्यभामाबाईंनी मला चितेगावला आणलं, तेव्हा त्या अंगणवाडीत शिकवायच्या. मुलांसाठी त्या माझ्या कॅसेटमध्ये गोष्टी भरून ठेवत. बाई आजारी असल्या की मुलं माझ्याभोवती बसून गोष्ट ऐकत. पुढे मोबाइल आले आणि माझी जागा कपाटावर गेली.

मग बाईंना घशाचा कॅन्सर झाला. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. अखंड बोलणाऱ्या बाई पाटीवर लिहू लागल्या. समोरचा वाचायच्या आत उठला, की पाटी पुसत.

त्यांची नात संस्कृती कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्ता शिकते. तिने मला खाली काढून मुख्तारभाईंकडे दुरुस्तीला नेलं. "सबुरीनं चालवा, बाईंचा आवाज हाय यात," पट्टा बदलून ते म्हणाले. त्या कॅसेटवरून संस्कृतीने मोबाइलात आजीचा आवाज तयार केला. बाईंनी टाइप केलं आणि मोबाइल बोलला, "दीपमाला, जेवलीस का गं?" त्यांची लेक, म्हणजे संस्कृतीची आई दीपमाला, रडू लागली. आपण अजून उपयोगी पडलो, म्हणून मला धन्य वाटलं.

पण एके दिवशी संस्कृतीला गंमत सुचली. त्याच आवाजात तिने आईला फोन लावला, "मला लई कसंतरी होतंय. लवकर ये."

दीपमाला वाळूजच्या कंपनीतून स्कूटीवर तशीच निघाली आणि वाटेत घसरून पडली. रक्ताळलेल्या कोपराने घरी आली, तर बाई अंगणात मेथी निवडत होत्या.

"आई, चुकलं माझं. आत्ता सगळं पुसून टाकते," संस्कृती हुंदके देत म्हणाली.

बाईंनी तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने टाइप केलं. "पुसू नको पोरी. लई दिवसांनी बोलाय लागले मी. पर घरच्या पोरीनं गंमत केली तर असं झालं, वाईट माणसाच्या हाती पडल्यावर काय व्हईल? याला कुलूप लाव. माझ्या बोटाबिगर उघडाय नाय पाहिजे."

संस्कृतीने त्याच दिवशी कुलूप लावलं. परवा बाई अंगणवाडीत जाऊन आल्या. त्यांनी मुलांना सांगितलेली गोष्ट माझ्या एकाही कॅसेटमध्ये नव्हती, अगदी नवी होती!

मित्रांनो, या कृत्रिम बुद्धिमत्तेचा मी मनापासून ऋणी आहे. ती जरूर शिका. फक्त कुणाचा आवाज तुमच्या हाती आला, तर आधी त्या माणसाला विचारा.