कापडवाल्यांच्या जीपमधला औषधाचा डबा

मी पोचे आलेला एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. माझ्या झाकणावर लाल रंगाने अधिकचं चिन्ह काढलेलं आहे. ते आता इतकं पुसट झालंय, की कुणी मला बिस्किटांचा डबा समजतं, तर कुणी शिलाईच्या सामानाचा. पण मी औषधाचा डबा आहे, आणि तोही गाडीतला. माझ्या पोटात काय ठेवायचं हे ठरवायला माणसांना किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

माझा जन्म १९९४ साली जुन्नरला झाला. हौशीराम नावाचे कारागीर तिथे लोखंडी ट्रंका बनवायचे. एका ट्रंकेच्या उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला कापलं, ठोकलं, दोन बिजागऱ्या आणि एक कडी बसवली. मला घडवून घेतलं ते कळंबच्या पोपटलालशेठनी. त्यांचं कळंबला कापडाचं दुकान होतं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठ बोलायला लागले की ते इथलेच वाटत. त्यांनी नुकतीच एक जुनी जीप घेतली होती. त्या जीपमध्ये कापडाचे गठ्ठे घालून ते पश्चिमेच्या डोंगरातल्या गावांना विकायला जात. परतायला उशीर झाला, तर ताडपत्रीचा तंबू ठोकून तिथेच मुक्काम करत. पुढे त्यांना त्याची गोडीच लागली. मग हिवाळ्यात ते सगळ्या घरालाच तंबूत राहायला नेऊ लागले.

गाडीत औषधाचा डबा हवा, हा हट्ट त्यांच्या थोरल्या मुलीचा, जागृतीचा. ती तेव्हा मंचरला कॉलेजात शिकत होती. तिच्या आईला, भंवरीबाईंना, हे मुळीच पसंत नव्हतं. दवा बरोबर घेतली, की दुखणं वाट बघत उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना रक्त बघवत नसे. मुलांचा गुडघा फुटला, तरी त्या तोंड फिरवून हळदीचा डबा पुढे करायच्या.

मी दुकानाच्या गादीवर रिकामा बसलो होतो. आता आपल्यात काय काय येणार, याची मला फार उत्सुकता होती. शेठनी पुण्याहून औषधांची भली मोठी यादी आणली होती. त्यात तीसेक गोळ्या आणि बाटल्या होत्या. पण जागृतीला ती यादी पटेना. ती आधी जीपच्या ड्रायव्हरकडे, भगवंतकडे गेली आणि तिने त्याला विचारलं, की रस्त्यावर माणसाला नक्की काय काय होतं? असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग त्याने सांगितलं, की जॅक लावताना बोटं चेमटतात, रेडिएटरचं झाकण काढताना हात भाजतो, घाटात पोरं ओकतात आणि डोंगरात काटे तर रोजचेच.

नंतर ती नर्सबाईंकडे गेली. त्यांचं नाव ठमाबाई. सायकलवरून वाड्यावस्त्यांवर लस टोचत फिरणाऱ्या त्या बाई मग एका दुपारी स्वतःच दुकानात आल्या. त्यांनी ती यादी वाचली आणि घडी करून बाजूला ठेवली.

"पोरी, यात गोळ्या कमी ठेव आन् कापड जास्त," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात पोचेस्तवर रक्त अंगात ऱ्हायलं पाहिजे. बाकीचं डॉक्टर बघतील."

कापडाच्या दुकानात कापडाला काय तोटा! शेठनी मांजरपाटाचं नवं ठाण सोडलं. ते धुऊन, उकळून, उन्हात वाळवून त्याच्या जाड घड्या केल्या. लांब पट्ट्या फाडल्या. एक मोठा चौकोन तिरपा कापून दोन त्रिकोण केले. हे त्रिकोण कशाला, ते मला कळेना. नंतर समजलं, की मोडलेला हात गळ्यात अडकवायला. मग बोथट टोकाची कात्री आली. ती बोथट का? तर कपडे कापताना कातडीत घुसू नये म्हणून. काटे काढायचा चिमटा आला, साबणाची वडी आली, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, मीठ-साखरेच्या पुड्या आणि भाजल्यावर लावायचं मलम आलं. एकेक वस्तू आत आली, की मी मनात विचारायचो, तू काय करतेस बाई?

त्या दुपारी ठमाबाईंनी सगळ्यांकडून एक गोष्ट करून घेतली. शेठच्या दंडावर कापडाची घडी ठेवून प्रत्येकाने ती दाबायची, आणि दाबल्यावर उचलून बघायचं नाही. कापड भिजलं, तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं. भगवंतने दाबलं, जागृतीने दाबलं, तिच्या धाकट्या बहिणीने, खुशबूनेही दाबलं. भंवरीबाई मात्र कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत.

पहिली दोन-तीन वर्षं मजेत गेली. माझी जागा जीपच्या मागच्या बाकाखाली होती. घाटघरला आमचा तंबू लागला, की आजूबाजूची माणसं यायची. कुणाच्या टाचेत काटा, कुणाचं बोट भाजलेलं. सगळ्यात जास्त काम चिमट्याला पडायचं. लोक मला 'शेठचा डबा' म्हणायचे, आणि मला त्याचा थोडा गर्व झाला होता. आपण सगळं पाहिलं, असं मला वाटायचं. पण त्या जाड घड्यांना अजून कुणी हातही लावला नव्हता.

मग १९९८ सालचा जानेवारी आला.

सकाळचे दहा वाजले असतील. शेठ आणि दोन्ही मुली नाणेघाटातला दगडी रांजण बघायला चालत गेले होते. तंबूपाशी भंवरीबाई एकट्याच भाजी चिरत होत्या. भगवंत जीपचं इंजिन पुसत होता. जरा अंतरावर गावातल्या सरूबाई झाडाच्या फांद्या तोडत होत्या. भाताची रोपं टाकायची जमीन आधी भाजून घ्यायला त्या भागात अशा फांद्या आणि पाला लागतो. तेवढ्यात सरूबाईंचा कोयता ओल्या फांदीवरून सटकला आणि त्यांच्या पोटरीत घुसला.

त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आवं, कुनी हाय का?"

भगवंत धावला. त्यांना उचलून त्याने तंबूपाशी आणलं. रक्त थेंबाथेंबाने येत नव्हतं, ते उसळ्या घेत होतं. भगवंतने खांद्यावरचं उपरणं काढलं, पण त्याचे हात तेलाने माखलेले होते. त्याने भंवरीबाईंकडे पाहिलं.

मी बाकाखालून सगळं बघत होतो. मला वाटलं, आता या तोंड फिरवतील. त्यांनी फिरवलंही, क्षणभरच. मग त्या जीपकडे आल्या, मला ओढून काढलं आणि झाकण उघडलं. त्या काय शोधतायत, ते मला कळेना. हळद तर माझ्यात नव्हतीच. त्यांनी गोळ्या बाजूला सारल्या, चिमटा बाजूला सारला आणि तळाची जाड घडी बाहेर काढली. ती त्यांनी सरूबाईंच्या पोटरीवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली.

घडी बघता बघता लाल झाली. भगवंत म्हणाला, "भाभी, उचलून बघा तरी, केवढं लागलंय."

"नाही," भंवरीबाई म्हणाल्या. "दुसरी दे."

मेथी निवडता निवडता त्यांनी ते सगळं ऐकलं होतं, मित्रांनो. एकही शब्द त्या विसरल्या नव्हत्या.

दुसरी घडी पहिलीवरच ठेवली. वरून लांब पट्टी आवळून बांधली. सरूबाईंना जीपच्या मागच्या भागात आडवं केलं आणि त्यांचा पाय उंच राहावा म्हणून खाली मला ठेवलं. शेठ येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गावातल्या एका माणसाला नाणेघाटाकडे निरोप देऊन पिटाळलं आणि भगवंतने जीप जुन्नरच्या वाटेला लावली.

तेव्हाचा तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि खडी. प्रत्येक खड्ड्याला मी खालून आदळायचो आणि सरूबाई दात आवळायच्या. भंवरीबाई त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. बांधलेल्या पट्टीवरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही. सव्वा तास, मित्रांनो. त्यांच्या मनगटांना मुंग्या आल्या, तेव्हा त्यांनी कोपर टेकवून दाबलं.

आपटाळ्याच्या पुढे सरूबाईंना ग्लानी येऊ लागली. त्यांनी डोळे उघडून बघितलं आणि पुटपुटल्या, "भाभी, तुमची साडी पार खराब झाली वो."

"होऊ दे," भंवरीबाई म्हणाल्या. "आपलं दुकान कापडाचंच आहे. तू माझ्याशी बोलत राहा. पोरं किती तुला?"

सरूबाईंनी तीन पोरांची नावं सांगितली. मग म्हशीचं नाव सांगितलं. मग शेजारणीचं भांडण सांगितलं. जुन्नर येईपर्यंत भंवरीबाईंनी त्यांना गप्प बसू दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. आतली नस कापली गेली होती. टाके घालून ते बाहेर आले आणि कुणी दाबून धरलं होतं, असं विचारलं. भगवंतने भंवरीबाईंकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाले, की थोडा वेळ जरी हात काढला असता, तरी बाई इथवर पोचल्या नसत्या.

भंवरीबाईंनी नळावर जाऊन हात धुतले आणि मग कितीतरी वेळ त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. परतेपर्यंत दिवस मावळला. त्या सूर्यास्तानंतर जेवत नसत, म्हणून त्या दिवशी उपाशीच राहिल्या. पण झोपायच्या आधी त्यांनी उरलेल्या घड्या मोजल्या आणि जागृतीला सांगितलं, की यात अजून सहा घाल.

पुढच्या वर्षी जागृतीचं लग्न झालं आणि ती नगरला गेली. मग माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मला सांगायला वाईट वाटतं, पण आधी चिमटा गेला, मग कात्री गेली. घड्यांनी गाडीची काच पुसली गेली. चिकटपट्टी उन्हाने वितळली. काही दिवसांनी माझ्यात फ्यूज, स्क्रू आणि तंबाखूची पुडी राहू लागली. मी भगवंतला दोष देत नाही. रोज न लागणारी वस्तू माणसाला दिसेनाशीच होते.

२००२ साली शेठचा मुलगा प्रितम पुण्याचं शिक्षण संपवून आला. त्याने नवी कोरी गाडी घेतली. जीप विकली गेली आणि मी दुकानाच्या माळ्यावर चढलो. नव्या गाडीत औषधांची छानदार प्लास्टिकची पेटी होती. तिचं सील प्रितमने कधी फोडलं नाही. उघडली, की जुनी दिसेल, असं त्याला वाटे.

दोन वर्षांनी तो महाळुंगे पडवळवरून येत असताना पुढचा मोपेडवाला खडीवरून घसरला. त्या माणसाचं नाव कुशाबा. कपाळातून रक्त येत होतं आणि मनगट वाकडं झालं होतं. प्रितमने थांबून घाईघाईने पेटीचं सील फोडलं. आत बोटाला लावायच्या चार चिकटपट्ट्या, मूठभर कापूस आणि वाळून गेलेली औषधाची बाटली निघाली. कात्री होती, पण ती कागदही कापेना. प्रितम ती पेटी हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी दुधाच्या टेम्पोतल्या माणसांनी स्वतःचा टॉवेल बांधून कुशाबाला मंचरला नेलं.

हे मला कसं कळलं? त्याच संध्याकाळी प्रितमने दुकानात येऊन आईला सगळं सांगितलं. भंवरीबाईंचे केस तोवर पांढरे झाले होते. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि माळ्यावरून मला खाली घेतलं. माझ्यातले स्क्रू त्यांनी गादीवर ओतले, मला घासलं, उन्हात ठेवलं आणि मांजरपाटाचं ठाण सोडलं.

सगळं भरून झालं, तेव्हा त्या प्रितमला म्हणाल्या, "आता त्या माणसाला विचारून ये."

"काय विचारू?"

"त्याला काय हवं होतं ते. आपण बाहेरून बघून ठरवतो. लागलं त्याला होतं."

मला घेऊन प्रितम महाळुंग्याला गेला. कुशाबा ओसरीवर बसले होते, हात प्लास्टरमध्ये होता. प्रितमने आधी माफी मागितली. मग माझं झाकण उघडून सगळं सामान त्यांच्यापुढे मांडलं आणि विचारलं. कुशाबांनी एकेक वस्तू बघितली. घड्या दाबून पाहिल्या. त्रिकोणी कापड गळ्याला लावून बघितलं आणि ते बेस हाय म्हणाले.

"यात पानी न्हाई भाऊ," ते म्हणाले. "माझ्या तोंडात, डोळ्यात समदी माती गेली व्हती. हात दुखत व्हताच, पण मला काईच दिसंना, त्याचं लई भ्या वाटलं. कुनी घोटभर पानी डोळ्यावर मारलं असतं, तर निम्मं भ्या गेलं असतं."

मित्रांनो, मी दहा वर्षं औषधाचा डबा होतो. पण जखमी माणसाला नुसतं दिसत नसल्याचीही भीती वाटते, हे मला त्या ओसरीवर कळलं. ठमाबाईंना ते सुचलं नव्हतं, जागृतीलाही नव्हतं.

तेव्हापासून आमच्या गाडीत झाकणाची एक पाण्याची बाटली असते. ती माझ्यात मावत नाही, म्हणून माझ्या शेजारी उभी असते. दर सोमवारी प्रितम तिच्यातलं पाणी बदलतो.

तुमच्या घरी गाडी असेल, किंवा तुम्ही सहलीला, तंबूत राहायला जाणार असाल, तर एवढं माझ्यासाठी करा. तुमचा डबा कितीही चकचकीत असू दे, त्याचं सील फोडा आणि आतलं सगळं चादरीवर ओता. कात्रीने कापड कापतं का, ते कापून बघा. एकमेकांच्या दंडावर घडी ठेवून दाबून बघा. आणि तुमच्या ओळखीत कुणी कधी रस्त्यावर पडलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तेव्हा तुम्हाला काय हवं होतं? तो जे सांगेल, ते डब्यात ठेवा. मावलं नाही, तर शेजारी ठेवा.