काढून बघायचा शुक्रवार

आमचं ऑफिस बसच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर चालवतं आणि ते उभं केलं बाईंनी. आम्हाला कामही त्यांनीच शिकवलं, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्यांचा हट्ट एकच: भाडं, सवलत, मार्ग, प्रत्येक भाग सुटा हवा. उद्या नियम बदलले तर तेवढाच भाग काढून नवा बसवता आला पाहिजे, शेजारच्याला धक्का न लागता. त्यासाठी दर शुक्रवारी त्या एखादा भाग कोणाला न सांगता बंद करायच्या. कोणाचं अडलं नाही, तर तो परत यायचा नाही. माझं कित्येक महिन्यांचं काम त्यांनी असंच चहा पिता पिता पुसून टाकलं होतं. वर म्हणाल्या, "रडतेस काय? अडलं का कोणाचं?"

कोपऱ्यात हिशोबाचा भाग सांभाळणारे मामा बसतात. त्यांचं काम म्हणजे नुसता गुंता. एक दोरा ओढला की अख्खे डेपो बंद. बाई त्यांना रोज टोचायच्या. मामा दात कोरत म्हणायचे, "गरज सरो, वैद्य मरो. म्हणून मी वैद्यकी कोणाला शिकवत नाही."

मग बाईंच्या आईचं ऑपरेशन निघालं. घरात मायलेकी दोघीच, आणि घर बाईंच्या पगारावर चाललेलं. साहेब कधी नव्हे ते गोड बोलले. "आठवडाभर जा. फोनसुद्धा बंद ठेवा." बाईंचे डोळे भरून आले. आमचे साहेब कोणाला फुकट पाणी पाजत नाहीत, हे त्या विसरल्या.

परतल्या त्या दिवशी कार्डाने दार उघडेना. मी आतून उघडलं. माझ्यामागे साहेब येऊन उभे राहिले.

"काही अडलं का गं?" बाईंनी मला विचारलं.

"सवलतीचे नियम अचानक बदलले, बाई. तिकीट खिडक्यांवर रांगा लागल्या. पण मी दुपारपर्यंत नवा भाग बसवला."

"एकटीने?"

"हो."

"भाड्याला धक्का?"

"जरासुद्धा नाही."

बाईंचा चेहरा असा उजळला, की मला माझाच राग आला. "बघा साहेब," त्या म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?"

"सांगत होतात ना," साहेब म्हणाले. "कोणाचंच अडलं नाही." आणि कार्डासाठी हात पुढे केला.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. "आईचे टाके अजून निघायचेत," त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्या हातातलं कार्ड घेऊन खिशात टाकलं. दुपारी बाईंची खिडकीजवळची खुर्ची मामांना मिळाली.