मागच्या दाराचं ताट

उद्धवराव लेखक झाला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. दापोडीच्या आमच्या खानावळीत हा पूर्वी दोन वर्षं जेवायचा आणि आमटीत मीठ कमी पडलं तरी करवादायचा. आता म्हणे त्याचं पुस्तक निघालं, आणि वाचनालयाच्या मंडळींनी व्याख्यान ठेवलं. विषय काय, तर रोजच्या जगण्यात कथा कशी सापडते. सापडते! हरवलेली म्हैस आहे का ती?

खानावळ माझ्या वहिनीची, शालनची. दादा गेल्यावर तिनं कारखान्यातल्या माणसांसाठी काढलेली. मी भाकऱ्या थापते. व्याख्यानानंतर पाहुण्याचं जेवणही आमच्याकडेच ठरलं होतं. पण वहिनीचा जीव गुंतला होता तिच्या लेकीच्या, इंद्रायणीच्या लग्नात. पुनावळ्याचं स्थळ आलं होतं, आणि मुलाचे वडील दौलतराव त्याच रविवारी बोलणी पक्की करायला आले होते. मंडळींनी आग्रह केला म्हणून तेही व्याख्यानाला येऊन बसले.

उद्धवराव शाल सावरत उभा राहिला. काय तो आव! म्हणाला, "मी नुसते डोळे उघडे ठेवतो. याच गावात एक तरुण विधवा खानावळ चालवायची. पंगत बसली की ती एक ताट झाकून मागच्या दारानं न्यायची. तिथं एक पुरुष उभा असायचा. मी समजायचं ते समजलो. तिचं ते चोरटं प्रेम, तीच माझी कथा!"

टाळ्या पडल्या. मग एकेकाची मान आमच्याकडे वळली. दापोडीत विधवेची खानावळ एकच. इंद्रायणीनं तोंडाला पदर लावला. दौलतरावांनी काठी हातात घेतली. गेलं, स्थळ गेलं!

वहिनी उठली.

"मागच्या दाराला बरकत मिस्त्री असायचा. सडकेवर मोटारी दुरुस्त करतो तो. इंद्रायणीच्या वडिलांना त्यानं पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. मी त्याला भाऊ मानते. तो पंगतीतच जेवायचा. मुसलमानाच्या पंगतीला बसणार नाही, असं म्हणून पानावरनं कोण उठलं, उद्धवराव? तुम्ही. तुमच्यामागं बाकीचे उठले. पोरगी पदरात होती, मी खानावळ कशावर चालवणार? भावाला मागच्या दाराला धाडलं. ते दार दाखवलंत तुम्ही, आणि त्याची गोष्टही तुम्हीच लिहिलीत?"

"वाङ्मयात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं, बाई," उद्धवराव पुटपुटला.

"मग तुझ्या आयाबहिणींच्या नावानं घे की मेल्या!" मी ओरडले.

ओरडले खरी, पण लगेच दौलतरावांकडे पाहिलं. वहिनीवरचा डाग गेला, मात्र मुसलमानाचं ताट घरात होतं हेही चारचौघांत आलं. दौलतराव जुन्या वळणाचे. ते काठी टेकत आमच्या मागून चालू लागले.

घरी येऊन वहिनीनं पानं मांडली. बरकतला बोलावून पहिल्या पाटावर बसवलं.

"ताई, राहू दे. आज पोरीचं काम आहे," तो गयावया करत होता.

"बस गुमान," ती म्हणाली.

इतकं होऊनही उद्धवराव जेवायला आलाच. कोडगा मेला! बरकतला पाहून उंबऱ्यातच अडखळला. वहिनीनं एक ताट वाढलं, झाकलं आणि मागच्या दारात नेऊन ठेवलं. "तुमची सोय तिकडं केली आहे," म्हणाली. तो लालबुंद झाला आणि शाल काखोटीला मारून स्टेशनच्या वाटेला लागला.

दौलतराव अंगणात उभे होते. त्यांनी पायांवर पाणी घेतलं, काठी कोपऱ्यात ठेवली. आम्ही दोघी बघत होतो. बरकत उठायला लागला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि शेजारचा पाट ओढला.

"मीठ वाढा," ते म्हणाले, "विहीणबाई."